हरलास ना? मग सोड की!

नोकरी सोडणे आणि बुद्धिबळाचा डाव सोडणे, या दोन्हींना इंग्रजीत एकच शब्द आहे, रिझाइन. आपल्याकडे नोकरीचा तो 'राजीनामा' आणि पटावर मात्र 'डाव सोडला', 'हार मान्य केली', फार तर 'राजा आडवा केला'. मला विचाराल तर पटावरही राजीनामाच म्हणायला हवं. शब्द फारसी वळणाचा आहे, पण त्याची फोड केली की अर्थ लख्ख दिसतो. राजी होऊन दिलेला कागद. म्हणजे देणारा राजी असला पाहिजे. समोरचा उसासे टाकतोय, शेजारच्या टेबलाकडे बघून 'पाहा, अजून खेळतोय' अशी मान हलवतोय, म्हणून जो दिला जातो तो राजीनामा नव्हे, ती हकालपट्टी झाली.

हे सगळं डोक्यात यायला कारण म्हणजे इथे न्यू जर्सीत आमच्या देशी मंडळींत सध्या रंगलेला एक वाद. (देशी म्हणजे भारतीय. अमेरिकेत आलं की तुपाबरोबर माणसंही देशी होतात.) आमच्या भागात मुलांचा एक छोटा बुद्धिबळ क्लब आहे. शनिवारी सकाळी शाळेच्या कॅफेटेरियात पट मांडतात, मुलं आत खेळतात आणि आई-बाप बाहेर कॉरिडॉरमध्ये कॉफी पीत एकमेकांच्या मुलांचं रेटिंग काढून घेतात. मुलांत निम्मे आपले, बरेचसे चिनी, उरलेले इतर. शेवटचा तास ब्लिट्झचा, म्हणजे प्रत्येकाला पाच मिनिटं आणि संपलं. शिकवणारा अमेरिकन कोच मुलांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो, 'डाव कधीही सोडायचा नाही.' इथले बहुतेक शाळकरी कोच हेच सांगतात.

आणि नेमकं हेच आपल्या काही पालकांना सहन होत नाही. एक पुणेकर गृहस्थ तर हताश झाले होते. "अहो, वजीर गेलाय, हत्ती गेलाय, आणि हा आपला बसलाय! समोरच्याचं घड्याळ संपायची वाट बघत! आम्ही असं कधी केलं नाही. संस्कार म्हणून काही असतं की नाही?" त्यातून आता एक प्रस्ताव निघालाय. ब्लिट्झमध्ये एखादा खेळाडू ९ गुणांनी, म्हणजे एका वजिराइतका, मागे पडला तर कोचने डाव थांबवून दुसऱ्याला विजयी घोषित करावं. (वजिराचे ९, हत्तीचे ५, उंट-घोड्याचे ३-३, प्याद्याचा १, हा हिशोब वाचकांना माहीत असेलच.) त्यावर पुढच्या महिन्यात पालकांची सभा आहे. माझं मत विरोधात जाणार आहे. का, ते जरा सविस्तर सांगतो.

आधी हे मान्य करू की डाव सोडण्याच्या शिष्टाचारात काहीतरी खरोखर उमदं आहे. पण तो शिष्टाचार जन्मला संथ बुद्धिबळात. डाव पाच-पाच तास चालायचा, तरी संपायचा नाही, मग एक चाल पाकिटात बंद करून तहकूब व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी पुढे सुरू व्हायचा. १९७२ साली रेक्याविकला फिशर आणि स्पास्कीची जगज्जेतेपदाची लढत झाली, तिचा २१ वा आणि शेवटचा डाव असाच तहकूब होता. स्पास्कीने रात्री विचार केला, वाचत नाही हे ओळखलं आणि दुसऱ्या दिवशी पंचांना फोन करून डाव सोडला. जगज्जेतेपद फोनवर गेलं! त्याच लढतीतला सहावा डाव हरल्यावर स्पास्कीने प्रेक्षकांबरोबर फिशरसाठी टाळ्या वाजवल्या होत्या. अशा वेळी डाव सोडणं म्हणजे 'इथून पुढे तू हे जिंकणार हे मला कळतं, आणि तुझा उद्याचा दिवस मी वाया घालवणार नाही' असं सांगणं आहे. यात समोरच्याचा मान आहे आणि स्वतःच्या समजेचाही आहे.

पण त्या संथ जगातही भल्याभल्यांनी घाईने राजीनामे दिले आहेत. १९०२ साली मोंटे कार्लोच्या स्पर्धेत गेऑर्ग मार्को नावाच्या खेळाडूने फॉन पोपिएलविरुद्ध डाव सोडला, कारण आपला अडकलेला उंट आता जाणार असं त्याला वाटलं. तोच उंट एका विलक्षण घरात सरकवला असता तर मार्को चक्क जिंकत होता. आणि १९९७ चा कास्पारोव? न्यूयॉर्कमध्ये डीप ब्लू या आयबीएमच्या संगणकाविरुद्ध दुसऱ्या डावात त्याने हार मानली. यंत्राने असा चिवट खेळ केला होता की आता काही उरलं नाही अशी त्याची खात्री झाली. दुसऱ्याच दिवशी विश्लेषकांनी दाखवून दिलं की शहांवर शह देत बरोबरी साधायची वाट तिथे होती. जगज्जेता तिथे पटाला हरला नाही, समोरच्याबद्दलच्या भीतीयुक्त आदराला हरला. तार्ताकोव्हर या जुन्या ग्रँडमास्टरच्या नावावर एक टोमणा सांगतात, की डाव सोडून आजवर कोणी जिंकलेलं नाही. टोमणा आहे, पण खोटा नाही.

(एक इंजिनियरी फाटा. यंत्राला लाज वाटत नाही, त्यामुळे त्याला राजीनामाही सुचत नाही. डीप ब्लू त्याच लढतीतला पहिला डाव हरला तेव्हा तो त्याच्या वतीने माणसांनी सोडला. हल्ली बुद्धिबळाची इंजिनं एकमेकांशी हजारो डाव खेळवून तपासतात, तेव्हा त्या सॉफ्टवेअरला सांगून ठेवावं लागतं की सलग इतक्या चालींत इतक्या प्याद्यांचा तोटा दिसला की हरलो समज. वीज आणि वेळ वाचते. आमच्या पालकांचा ९ गुणांचा नियम हुबेहूब तसाच आहे. फरक इतकाच की कॅफेटेरियात बसलेली ती नऊ-दहा वर्षांची माणसं आहेत.)

आता झटपट बुद्धिबळाकडे येऊ. जागतिक महासंघाच्या, म्हणजे फिडेच्या नियमांनुसार प्रत्येकी १० मिनिटं किंवा त्याहून कमी वेळ असेल तर ब्लिट्झ, १० पेक्षा जास्त आणि ६० पेक्षा कमी असेल तर रॅपिड. इथे वाचवायचा दुसरा दिवस नसतो. फार तर समोरच्याची दोन मिनिटं वाचतील. त्यामुळे संथ डावात राजीनाम्यामागचं जे मुख्य कारण होतं तेच इथे उरत नाही.

आणि दुसरी, त्याहून महत्त्वाची गोष्ट. ब्लिट्झमध्ये खेळाडूला दोन प्रकारची रसद मिळते, पटावरचे मोहरे आणि घड्याळातला वेळ. दोन्ही सुरुवातीला सारखी. आपल्याला हे समजायला खरं तर जड जाऊ नये, कारण आपण क्रिकेटवाले आहोत. ट्वेंटी-ट्वेंटीत आठ गडी हातात आहेत पण षटकं संपली, तर उरलेले गडी दाखवून सामना मागता येत नाही. गडीही मोजून मिळतात, चेंडूही मोजून मिळतात. ज्याने चेंडू वाया घालवून गडी राखले त्याला कोणी 'नैतिक विजेता' म्हणत नाही. उलट शिव्याच घालतात. मग ज्याने साडेचार मिनिटं खर्च करून हत्ती जिंकला आणि आता ज्याच्याकडे आठ सेकंद उरले, तो जिंकतोय असं आपण कशावरून म्हणतो? फक्त पटाकडे बघून म्हणतो. घड्याळ टेबलावरच असतं, पण ते कोणी बघत नाही.

याचा एक नमुना मी डोळ्यांनी पाहिलाय. माझे सासरे, नाना, सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. नाना सांगलीचे, म्हणजे भाऊसाहेब पडसलगीकरांच्या गावचे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांचा निम्मा दिवस पटावर जातो. एका प्याद्याच्या जोरावर दोन तास समोरच्याला पिळत बसायचं आणि शेवटी जमलं तर प्याद्यानेच मात करायची, ही त्यांची खेळण्याची रीत. जुन्या देशी बुद्धिबळात प्यादेमातीला जो मान होता, तो नानांच्या लेखी अजून शाबूत आहे. त्यांना मी एका रविवारी न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कात घेऊन गेलो. तिथे नैऋत्य कोपऱ्यात दगडी पट आहेत. फिशर तिथे खेळलाय, सिनेमावाला कुब्रिक तिथे खेळलाय, १९९३ च्या 'सर्चिंग फॉर बॉबी फिशर' या चित्रपटातही ती जागा आहे. तिथे बसणारे लोक अखंड बडबडत, समोरच्याची फिरकी घेत, पाच-पाच डॉलर लावून पाच मिनिटांचे डाव खेळतात.

नाना बसले. सुरुवातीच्या पंधराएक चाली त्यांना तोंडपाठ होत्या, त्या त्यांनी धडाधड केल्या. समोरचा लोकरी टोपीवाला मात्र मध्ये अडकला, बडबड थांबली, बराच वेळ विचारात गेला. मग त्याला घोड्याची एक सुरेख चाल सापडली. राजाला शह आणि हत्तीवर मारा, एकाच उडीत. हत्ती गेला. नानांनी क्षणभर पटाकडे पाहिलं, राजा अलगद आडवा केला आणि हात पुढे केला. घड्याळात नानांचे पन्नासएक सेकंद शिल्लक होते. समोरच्याचे आठ.

तो माणूस आधी नानांकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिला. पाच डॉलर त्याने खिशात घातले (धंदा तो धंदा), पण नानांना म्हणाला की अंकल, मी हरलो होतो, परत कोणाला असे फुकट पैसे देऊ नका.

परतीच्या गाडीत मी नानांना विचारलं. ते म्हणाले, "हत्ती गेल्यावर काय खेळायचं? घड्याळाच्या जिवावर जिंकायचं म्हणजे समोरच्याचं धोतर सुटलं म्हणून कुस्ती जिंकण्यासारखं आहे." उपमा झकास होती, पण मला पटली नाही. ती घोड्याची चाल त्या माणसाला फुकट सापडली नव्हती. त्याने ती मिनिटभराचा वेळ मोजून विकत घेतली होती. माल घरी नेला आणि पैसे द्यायची वेळ आली तेव्हा दुकानदारच म्हणाला, राहू द्या. उदारपणा म्हणून ठीक आहे. पण हाच खरा शिष्टाचार आणि पैसे मागणारा तो असभ्य, असं कसं म्हणायचं?

खरी पंचाईत पुढे घरात झाली. माझा दहा वर्षांचा मुलगा त्याच कोचच्या हाताखाली तयार होतोय. आजोबा-नातू पाच मिनिटांचा डाव खेळत होते. नानांकडे वजीर, हत्ती आणि प्याद्यांची फौज. नातवाकडे राजा आणि एक प्यादं. नाना मात करायला निघाले, पण सुबक मात करायला निघाले. "आजोबा, तुझा झेंडा पडला," नातू म्हणाला. (इकडची मुलं आजोबांना अरे-तुरे करतात. नानांनी ते केव्हाच स्वीकारलंय.) घड्याळात नानांच्या बाजूला शून्य. नाना म्हणाले, "ही लबाडी आहे." पोरगं रडवेलं झालं आणि पुढचे चार दिवस आजोबा-नातवाने पट काढला नाही. बायकोने दोन्हीकडे शिष्टाई करून पाहिली, पण दोघेही आपापल्या जागी ठाम. गंमत म्हणजे ठामपणा एकाच घराण्याचा.

'लबाडी' हा शब्द मला लागला. नियम काय म्हणतो पाहा. झेंडा पडला की डाव गेला, मात्र समोरच्याकडे कोणत्याही कायदेशीर चालींनी मात करण्याची शक्यताच नसेल तर बरोबरी. (झेंडा हा शब्द जुन्या काट्याच्या घड्याळातला. मिनिटकाटा बाराशी आला की लाल पट्टी उचलली जायची आणि पडायची.) नुसता राजा उरलेल्याला घड्याळावर जिंकता येत नाही. पण एक जरी प्यादं असलं तरी ते वजीर होऊ शकतं, म्हणून जिंकता येतं. म्हणजे त्या पोराने ते शेवटचं प्यादं जे जिवापाड जपलं होतं, ते आंधळेपणाने नव्हे. कुठलं वाचवायचं हे त्याला ठाऊक होतं. आणि नानांनी ते एक प्यादं आधी मारलं असतं तर निदान अर्धा गुण तरी हातचा राहिला असता. ही सगळी बुद्धिबळाचीच विद्या आहे. फक्त ती नानांच्या काळच्या पुस्तकांत नाही.

हरलेल्या डावात खेळत राहणं म्हणजे नुसतं घड्याळाकडे बघत बसणं, हा समजही चुकीचा आहे. समोरच्याला जिंकणं अवघड करणं ही वेगळी कला आहे. न्यूयॉर्कलाच झालेली १९६३-६४ ची अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धा फिशरने ११ पैकी ११ गुण घेऊन जिंकली म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच स्पर्धेत लॅरी एव्हान्स हा रेशेव्स्कीविरुद्ध साफ हरत होता. त्याने आधी वजीर शह देत फुकट दिला, मग हत्तीही शह देत पुढे केला. तो हत्ती मारला तर एव्हान्सच्या राजाला शहही नाही आणि हलायला चालही नाही, म्हणजे स्टेलमेट, बरोबरी. नाही मारला तर हत्ती शह देत राजामागे फिरतच राहणार. जिंकलेला डाव रेशेव्स्कीच्या हातून निसटला. आमच्या पालकांच्या नियमाप्रमाणे वजीर दिला त्या क्षणीच कोचने एव्हान्सला उठवलं असतं.

तसंच २०१६ च्या जगज्जेतेपद लढतीचं. हीसुद्धा न्यूयॉर्कलाच. रॅपिडच्या शेवटच्या डावात कार्लसनने कर्याकिनच्या राजासमोर चक्क वजीर नेऊन ठेवला. ९ गुण दान! कर्याकिनने डाव सोडला, कारण वजीर कशानेही मारला तरी पुढच्याच चालीत मात होती. तो राजीनामा शोभला. हल्ली काही खेळाडू अशा वेळी डाव न सोडता समोरच्याला मात पटावर पूर्ण करू देतात, बघणाऱ्यांना ते चित्र दिसावं म्हणून. मला हा शिष्टाचार जास्त आवडतो, पण ती चवीची बाब झाली.

मग घड्याळाच्या बाजूने बोलताना कुरूप काही नाहीच का? आहे, आणि ते झाकून उपयोग नाही. २००८ साली ओक्लाहोमातल्या टल्सा गावी अमेरिकेचं महिला अजिंक्यपद इरिना क्रश आणि अ‍ॅना झाटोन्स्किख यांच्यात एका 'आर्मागेडन' डावावर आलं. म्हणजे पांढऱ्याला वेळ जास्त पण त्याने जिंकलंच पाहिजे, काळ्याला बरोबरीही पुरे. पांढऱ्या क्रशला सहा मिनिटं, काळ्या झाटोन्स्किखला साडेचार. चालीमागे वाढीव वेळ शून्य. शेवटी दोघी नुसत्या मोहरे ढकलत घड्याळ बडवत होत्या. क्रशचा झेंडा पडला तेव्हा झाटोन्स्किखचा एक सेकंद उरला होता. एक! क्रशने पटावरचा मोहरा भिरकावला आणि निघून गेली. पुढे तिने जाहीर पत्र लिहिलं की मी घड्याळ दाबण्याआधीच समोरून चाल होत होती. निकाल कायम राहिला. त्या शेवटच्या सेकंदांना बुद्धिबळ म्हणणं मलाही कठीण जातं. वर्षभर कष्ट करून आलेल्या दोन बायकांना अशा हातघाईवर आणणारा नियमच वाईट होता. दोष खेळत राहणाऱ्यांचा नव्हता.

आणि त्या नियमावरचा इलाज तेव्हाही उपलब्ध होता. तो शोधला फिशरनेच. १९८८ मध्ये त्याने अशा घड्याळाच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९८९ मध्ये ते मिळालं. प्रत्येक चालीमागे घड्याळात ठरावीक सेकंद जमा होतात. १९९२ ला युगोस्लाव्हियात स्पास्कीशी परत खेळताना त्याने तेच वापरलं. कल्पना इतकी साधी की आपल्याला का सुचली नाही असं कोणाही इंजिनियरला वाटावं. चाल केली की थोडी कमाई होते, त्यामुळे ज्याचा डाव खरोखर जिंकलेला आहे त्याला तो जिंकून दाखवायला कायम दोन श्वास मिळतात. आज जागतिक ब्लिट्झ स्पर्धा तीन मिनिटं अधिक प्रत्येक चालीला दोन सेकंद अशीच होते.

वाढीव सेकंद आले की शिष्टाचाराचं पारडं थोडं हलतं, हे मी मान्य करतो. एकट्या राजाने वजीर-हत्तीसमोर तीस चाली पळत राहण्याला आता फारसा अर्थ नाही, कारण समोरच्याचं घड्याळ संपणार नाही. मोठ्या माणसांनी तिथे हात पुढे करावा. तरीही कधी करावा हे हरणाऱ्यानेच ठरवावं. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जुलैत, बाटुमीला महिला विश्वचषकाची अंतिम फेरी आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी यांच्यात रॅपिडवर गेली, तेव्हा त्या निर्णायक डावात वेळेच्या तंगीत पारडं इकडून तिकडे झुकत राहिलं. हंपीसारखी अनुभवी खेळाडू पटकन हात पुढे करत नाही. आणि ज्या क्षणी केला, त्या क्षणी १९ वर्षांची दिव्या विश्वचषकाबरोबर ग्रँडमास्टरही झाली. त्या विजयाचं वजन हंपी शेवटपर्यंत लढली यातही आहे. ती वजीर-प्याद्यांचा हिशोब करून लवकर उठली असती तर कोणाला बरं वाटलं असतं?

मग असभ्य काय? तर माझ्या मते पहिला नंबर 'सोडतोस का?' असं विचारणाऱ्याचा. समोरच्याच्या खिशात हात घालून राजीनामा काढून घेणं आहे हे. त्याच्याच पाठोपाठ तो, जो हरलेला दिसल्यावर चालच करत नाही. आठ मिनिटं शिल्लक आहेत, ती तशीच जाऊ देतो, समोरचा कंटाळून उठेल म्हणून. हा प्रकार ऑनलाइन फार. याहूवर खेळायचो तेव्हा लोक सरळ कनेक्शन तोडून पळायचे. आताच्या लीचेस, चेसडॉटकॉमवर असं वारंवार करणाऱ्याला साइट ताकीद देते, पण सवय जात नाही. लक्षात घ्या, खेळत राहणं आणि अडवून धरणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात तुम्ही चाल करता, म्हणजे चुकण्याचा धोका पत्करता. तिसरा नंबर घाईत तीन मोहरे पाडून, ते उभे न करताच घड्याळ दाबणाऱ्याचा. नियमाप्रमाणे ते स्वतःच्या वेळात उभे करायचे असतात. आणि जिंकणाराही सुटत नाही. मात सरळ दिसत असताना एकामागून एक चार वजीर करत, समोरच्याला नाचवत बसणारा मुलगा मला डाव न सोडणाऱ्या मुलापेक्षा जास्त खटकतो. अर्थात त्यालाच बहुतेक वेळा स्टेलमेटची अद्दल घडते, तेव्हा वेगळी शिक्षा नको.

संस्कारांच्या मुद्द्याचंही मला नवल वाटतं. बुराडी घाटावर घायाळ पडलेल्या दत्ताजी शिंद्यांचं उत्तर आपण मुलांना पाळण्यापासून ऐकवतो आणि तोच मुलगा एक वजीर गेल्यावर लढत राहिला की आपल्यालाच कॉरिडॉरमध्ये लाज वाटते. ही लाज पोराच्या वागण्याची कमी आणि बाजूला बसलेल्या दुसऱ्या पालकांच्या नजरेची जास्त असते, असा मला संशय आहे. परदेशात तर ती दुप्पट होते, कारण इथे आपलं पोर हे आपलं एकट्याचं नसतं, अख्ख्या देशाचं प्रतिनिधी असतं असं आपण मनाशी धरून चालतो.

नवशिक्या मुलाला 'सोड' म्हणू नये याचं एक अगदी व्यवहारी कारणही आहे. समोरचा मुलगाही नवशिकाच असतो. दोन हत्तींनी मात कशी करायची हे त्यालाही अजून नीट येत नसतं. सोडलेल्या डावात दोघंही शेवटाचा खेळ शिकत नाहीत. डाव सोडायला परिस्थिती ओळखावी लागते, आणि ती ओळखण्याची अक्कल शेकडो डाव शेवटपर्यंत खेळल्यावर येते. आधी राजीनामा शिकवून ती कुठून येणार?

आमच्या घरी तोडगा निघाला तो घड्याळानेच. मी डिजिटल घड्याळावर तीन मिनिटं आणि दोन सेकंद लावून दिले. नाना कुरकुरत बसले, आणि दहापैकी आठ डाव जिंकले. नातवाने त्यातले दोन आपणहून सोडले, न सांगता. 'लबाडी' हा शब्द परत निघाला नाही, पण मागेही घेतला गेला नाही. नाना अजून आपल्या मतावर आहेत आणि सांगलीहून फोनवर ते मला ऐकवतात.

तेव्हा पालकांच्या सभेत मी ९ गुणांच्या नियमाला विरोध करणार आणि एक दुरुस्ती सुचवणार. क्लबातली काट्याची जुनी घड्याळं बदलून डिजिटल घ्यावीत आणि ब्लिट्झला प्रत्येक चालीमागे दोन सेकंद द्यावेत. पंधरा पट आहेत, पंधरा घड्याळं लागतील. वर्गणी काढायची माझी तयारी आहे. पुणेकर गृहस्थांनी निम्मे पैसे द्यायचं कबूल केलंय, मात्र मत ते त्यांच्या प्रस्तावालाच देणार आहेत.